गोटीतला पीळ

पलूसच्या एका फ्लेक्सच्या दुकानात परवा मी एक गोटी बघितली. खऱ्या काचेची नव्हे, पडद्यावरची. शाळेच्या गॅदरिंगचा फ्लेक्स होता, सहा बाय चार. मागे रिंगणाभोवती उकिडवी बसलेली पोरं आणि पुढे, बघणाऱ्याच्या पायाशी घरंगळत येईल अशी, ही एकच मोठी गोटी. पाणीदार काच, पोटात केशरी आणि निळ्या पट्ट्यांचा पीळ. गिऱ्हाइकाने सांगितलं होतं एवढंच की खेळाचं काहीतरी टाका. नेटवरून आयती उचलली असती तरी कुणी हटकलं नसतं. ऑपरेटर पोराने ती बसून केली. आमच्याकडच्या फ्लेक्सवर वाढदिवसवाल्यांचे गॉगल सोडून बघण्यासारखं फारसं नसतं, म्हणून मी खुर्ची ओढून बसलो.

फोटोशॉपात ‘ट्वर्ल’ नावाचा फिल्टर आहे. त्याला एकच आकडा द्यायचा, उणे 999 पासून अधिक 999 अंशांपर्यंत कुठलाही. डेऱ्यात रवी फिरते तेव्हा मधलं ताक गरगरतं आणि काठाजवळचं जेमतेम हलतं, तसंच इथे. निवडलेल्या वर्तुळाचा मध्य दिलेल्या अंशांइतका फिरतो, कडेकडे फिरणं कमी कमी होत जातं आणि कडेवर ते शून्य. आकडा फार वाढवला की पट्ट्यांचं सूत होतं. पोराने सरळ उभ्या पट्ट्या आखल्या, गोल निवडला, फिल्टर चालवला आणि मान हलवली.

“काका, हा तर इंपेलर झाला.”

बरोबर होतं. किर्लोस्करवाडीच्या तालुक्यात ही उपमा शोधावी लागत नाही. 1910 साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर उभा राहिलेला किर्लोस्करांचा कारखाना पुढे पंपांसाठी नावारूपाला आला, आणि विहिरीवर मोटर असलेल्या घरातल्या पोरांनी उघडलेल्या पंपातला तो वाकड्या पात्यांचा पंखा पाहिलेला असतो. पीळ नेमका मधोमध पडला की आकृती चपटी होते, चकती होते. अळूवडीचा काप म्हणा हवं तर. गोलपणा तिच्यात येत नाही.

मग त्याने जे केलं ते मला या चित्राचं मर्म वाटतं. पट्ट्यांचा कागद त्याने मोठा घेतला, त्यावर मोठा भोवरा पाडला, आणि नंतर गोटीचं वर्तुळ त्यातून असं कापलं की भोवऱ्याचा मध्य गोटीच्या मध्याला येणार नाही. तो राहिला वर, जरासा डावीकडे. त्यावर ‘स्फिअराइझ’ चालवलं. त्याने मधला भाग फुगतो आणि कडेच्या पट्ट्या एकमेकींना खेटतात. गोल वस्तूची कड आपल्यापासून वळून लांब जात असते, म्हणून तिथे दाटी व्हायलाच हवी. एवढ्यात ती चकती गोळा झाली, आणि गोळाही कलता. मध्य सरकल्यामुळे गोटीला आस मिळाला.

खऱ्या पट्ट्याच्या गोटीला हा आस जन्मतःच असतो. 19व्या शतकात जर्मनीतल्या लाउशा गावचे कारागीर काचेच्या कांडीत रंगीत कांड्या बसवत, तापलेली कांडी पिळत आणि खास कात्रीने तिचे गोळे तोडत. म्हणून त्या गोटीतला पीळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. दोन टोकं, दोन ध्रुव. डच चित्रकार एशर याच्या 1958 सालच्या ‘स्फिअर स्पायरल्स’ या लाकडी ठशाच्या चित्रातही पट्टे असेच ध्रुवापासून ध्रुवापर्यंत वळसे घेतात. मधे रुंद, टोकांशी निमुळते, आणि दोन पट्ट्यांच्या फटीतून गोलाची आतली बाजू दिसते. एशरने हे हाताने कोरलं, हिशेबाने. आमच्या ऑपरेटरने एशर पाहिलेला नाही. गोट्या मात्र खेळलेल्या आहेत.

इथवर सगळं जमलं आणि चूकही इथेच झाली. पीळ आणखी थोडा हवा म्हणून त्याने गोटीवरची चमक, सावली, सगळे लेयर एक करून टाकले आणि पुन्हा ट्वर्ल दिला. काचेवरचा पांढरा ठिपका वाकून स्वल्पविराम झाला. त्या क्षणी गोटी मेली. कंट्रोल-झेड दाबत तो मागे गेला आणि चमक वेगळ्या लेयरवर, अगदी शेवटी, न पिळता ठेवली. पट्टे गोटीच्या पोटातले, त्यांना हवं तितकं पिळावं. चमक खिडकीकडून आलेली, गोटी कितीही फिरली तरी तिने जागा सोडायची नसते. पिळाच्या चित्रांत नवशिके हमखास फसतात ते या ठिकाणी.

तरी ती अजून बिलियर्डच्या चेंडूसारखी दिसत होती, घट्ट. उजेड वरून डावीकडून येतो म्हणून त्याने खालची उजवी बाजू काळोखी केली होती. भरीव चेंडूला ते शोभतं. काचेचं वागणं उलटं. उजेड तिच्यातून आरपार जातो आणि पलीकडच्या बाजूला गोळा होतो. चमक जिथे, तिच्या समोरच्या कडेला आतून उजळ. मी खिशातून गोटी काढून दाखवली असती तर बरं झालं असतं, पण या वयात खिशात गोटी कुठली? शेजारच्या टपरीवरून गोटी सोड्याची बाटली आणली. त्यातली गोटी हिरवट आणि बिनपट्ट्याची, पण ट्यूबलाइटसमोर धरल्यावर काम झालं. पोराने खालची कड उजळली. पीळ एकदम आत गेला, वरवर चिकटवलेला वाटेना.

शेवटची गोष्ट त्याने न सांगता केली. गोटीखाली जमिनीवर करडी, लांबट सावली होती. सोड्याच्या बाटलीची सावली तो मगाशी टेबलावर निरखत होता, हे मी पाहिलं होतं. त्याने पट्ट्यातला केशरी रंग उचलला, ब्रश मऊ केला आणि सावलीच्या पोटात, अगदी मधे, एक उजळ केशरी डाग ठेवला.