अतिप्रवाही हीलियम आणि कणशोध : एका प्रस्तावाचे परीक्षण

कणशोधाच्या साधनांविषयी लिहिताना एक दोष वारंवार घडतो. साधन तत्त्वतः कोठवर पोहोचू शकेल, या विधानाचा अर्थ ते तेथवर पोहोचले असा घेतला जातो. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या मॅरिस, सीडेल व स्टाइन यांनी 2017 साली मांडलेला प्रस्ताव या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. हीलियमच्या बाष्पीभवनाचा उपयोग करून 1 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानापर्यंतचे कृष्णद्रव्याचे कण टिपता येतील, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या विचाराची परंपरा जुनी आहे. सौर न्यूट्रिनोंच्या शोधासाठी अतिप्रवाही हीलियम वापरण्याची कल्पना लानू, मॅरिस व सीडेल यांनी 1987 सालीच मांडली होती. 2.17 केल्विनखाली हीलियम अतिप्रवाही होते. कण आदळला की त्यात लँडाऊने 1941 साली वर्णिलेली स्पंदने, म्हणजे फोनॉन व रोटॉन, उत्पन्न होतात. ती पृष्ठभागी पोहोचून अणू बाहेर फेकतात. द्रवातून एक अणू सुटण्यास केवळ 0.62 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा पुरते. सुटलेला अणू तीव्र विद्युत्क्षेत्रात आयनित करून मोजावा, ही 2017 च्या प्रस्तावातील नवी भर होय. शिवाय इतक्या शीत द्रवात अन्य द्रव्ये गोठून बाजूस पडतात. त्यामुळे त्याची शुद्धता असामान्य असते. हे गुण निर्विवाद आहेत.

आता मर्यादेकडे वळू. सेकंदाला 300 किलोमीटर वेगाचा, 1 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा कण मोकळ्या हीलियम अणूवर आदळल्यास अणूला अधिकात अधिक सुमारे 0.54 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते. ही बंधनऊर्जेहून कमी आहे. यावरून प्रस्ताव चुकीचा ठरविणे मात्र घाईचे होईल. इतक्या अल्प संवेगाला द्रवातील अणू सुटा दिसतच नाही. समूह म्हणून तो प्रतिसाद देतो. त्याच संवेगाला लँडाऊच्या वक्रावरील स्पंदनाची ऊर्जा सुमारे 1.2 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते, म्हणजे अणू सोडविण्यास ती पुरेशी आहे.

खरा आक्षेप येथून पुढे सुरू होतो. अल्प संवेगाला द्रवाचा रचना-गुणक एकाहून कमी असल्याने अशा स्पंदनाची संभाव्यता घटते. शिवाय वक्राच्या शिखराशी स्पंदनाचा वेग जवळजवळ शून्य होतो. ते पृष्ठभागापर्यंत पोहोचणार कसे? तेव्हा प्रश्न ऊर्जेचा नसून घटनांच्या संख्येचा आहे. ‘1 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट’ हा आकडा ऊर्जेची सीमा सांगतो, फलश्रुती नव्हे.

साधनाच्या अडचणीही लहान नाहीत. हीलियमचा आयनन-विभव सर्व मूलद्रव्यांत उच्चतम, 24.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणून नॅनोमीटरला 40 व्होल्टहून तीव्र क्षेत्र लागते, आणि ते केवळ सूक्ष्म टोकांशीच मिळते. अतिप्रवाही द्रवाचा पापुद्रा भिंतींवरून सर्वत्र सरकतो. त्यास रोखावे लागते. त्यात अनेक अतिशीत शोधकांत अल्प ऊर्जेच्या घटनांचा अनपेक्षित अतिरेक आढळला आहे. एकाकी अणूचे सुटणे आणि कणाचा आघात यांतील भेद सिद्ध केल्याविना कोणतीही नोंद पुरावा ठरणार नाही.

आपल्याकडील स्थितीही ध्यानी घ्यावी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कथिलाच्या बोलोमापकाच्या प्रयोगांसाठी हीलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणाने मिलिकेल्विन तापमान साधले गेले आहे. तेथे हीलियम शीतक आहे, लक्ष्य नव्हे. शीतकाला लक्ष्य करणे ही वेगळी विद्या आहे. परंतु तिची पूर्वतयारी मुंबईत झालेली आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

सारांश, प्रस्ताव मौलिक आहे. त्याची सीमा मात्र सिद्धी म्हणून सांगितली जाऊ नये. वरील ऊर्जेचे गणित अहिल्यानगर जिल्ह्यातील कोणत्याही पदव्युत्तर वर्गाच्या फळ्यावर करता येईल. त्यास द्रव हीलियमचा एक थेंबही लागत नाही. दूरच्या प्रयोगशाळेतील आकडा उद्धृत करण्यापूर्वी विद्यार्थ्याने तो स्वतः काढून पाहावा, एवढीच अपेक्षा.