नाण्यावरील नांव आणि नाण्याचा काळ

फॉस्तँ पोए दाव्हाँ या फ्रेंच संग्राहकाचा ‘मोने फेओदाल द फ्राँस’ हा त्रिखंडात्मक ग्रंथ १८५८ ते १८६२ या काळांत बाहेर पडला. त्यास दीडशेंवर वर्षें लोटलीं; तरी फ्रान्समधील मध्ययुगीन सरदारांचीं व धर्माध्यक्षांचीं रुप्याचीं नाणीं जमविणारा मनुष्य अद्यापि त्याच्याच क्रमांकानें आपलें नाणें सांगतो. अशा ग्रंथाविषयीं पूर्ण आदर बाळगूनही त्याच्या एका मर्यादेकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें.

ग्रंथाची मांडणी प्रांतवार आहे, व ती योग्यच आहे. कारण या नाण्यांच्या बाबतींत राजाचें नांव हा फसवा वाटाड्या होय. प्वातू प्रांतांतील मेल गांवचें ‘दनिये’ घ्या. या गांवीं रुप्याची खाण होती. नाण्याच्या एका बाजूस क्रूस व त्याभोंवतीं ‘कारलुस’ राजाचें नांव. दुसऱ्या बाजूस ‘मेतालो’ हें गांवाचें नांव दोन ओळींत. नवशिका म्हणणार, हें टकल्या चार्ल्सचें नाणें! परंतु तो राजा ८७७ मध्यें वारला, आणि त्याचा ठसा पुढें बाराव्या शतकापर्यंत चालत राहिला. त्या शतकाच्या अखेरीस सिंहहृदयी रिचर्डनें तेथील नाण्यावर आपलें नांव घातलें. ओळखीचा ठसा बाजारांत बिनतक्रार चालतो, नवा पारखून घेतला जातो. मग बदलावा कोणीं? मराठ्यांच्या टांकसाळींतूनही दिल्लीच्या बादशहाच्या नांवाचे रुपये पडत, हें जाणणाऱ्यास यांत नवल वाटणार नाहीं.

मग काळ ठरवावा कसा? अक्षरांचें वळण, वजन, रुप्याचा कस, आणि सर्वांहून अधिक म्हणजे एकाच मडक्यांत कोणतीं नाणीं बरोबर सांपडलीं, यावरून. येथेंच ग्रंथ अपुरा पडतो. त्याचीं चित्रें हातानें कोरलेलीं आहेत, आणि सुबक हाताचा मोह असा कीं झिजलेलें अक्षर पुरें व्हावें, वांकडें सरळ व्हावें. बारीक खुणेचें मोल किती, हें या ग्रंथाच्या कक्षेबाहेरील राजनाण्यांवरून कळतें : १३८९ पासून त्यांवर टांकसाळीची खूण म्हणून एका ठराविक अक्षराखालीं ठिपका देत, अठराव्याखालीं असल्यास पॅरिस, पंधराव्याखालीं असल्यास रुआँ. चित्रकारानें ठिपका गाळला कीं शहरच गेलें!

शिवाय ग्रंथकाराची दृष्टि संग्राहकाची. १८५३ मध्यें त्यानें स्वतःच्या संग्रहाचेंच वर्णन छापलें होतें. एकेक नाणें निवडून पेटींत ठेवणारास मडक्याची आठवण राहत नाहीं. आम्ही एकदां एका गृहस्थांचा संग्रह पाहिला. मेलचीं अकरा नाणीं घासून चकचकीत केलेलीं, खालीं एकच चिठ्ठी : ‘चार्ल्स, नववें शतक’. हीं कोठें सांपडलीं, असें विचारतां त्यांनीं सौजन्यपूर्वक विक्रेत्याची पावती दाखविली.