अभ्यासाचे वेळापत्रक : उपदेश आणि पुरावा

परीक्षा जवळ आल्या की महाविद्यालयांतून 'अभ्यास कसा करावा' या विषयावर व्याख्यान ठेवण्याची प्रथा आपल्याकडे रुळलेली आहे. याच विषयावरच्या पुस्तिकाही दुकानांतून मिळतात. दोहोंतील उपदेश बहुधा ठरलेला असतो. पहाटे चारला उठा, तासवार वेळापत्रक भिंतीवर लावा, धडा तीनदा वाचा, महत्त्वाचे ते अधोरेखित करा. हा उपदेश पुराव्याच्या कसोटीला कितपत उतरतो आणि अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलांच्या कितपत उपयोगी पडतो, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

प्रथम 'तीनदा वाचा' हा सल्ला घेऊ. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. एका आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. परीक्षेत मात्र ओळखायचे नसते, आठवायचे असते.

२०१३ साली डनलॉस्की व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरील संशोधनाचा आढावा घेतला. त्यात सर्वाधिक उपयुक्त ठरल्या त्या दोनच : स्वतःची चाचणी घेणे, आणि अभ्यास एकाच बैठकीत न करता काही दिवसांच्या अंतराने विभागणे. अधोरेखन आणि पुनर्वाचन खालच्या गटात गेले. म्हणजे पुस्तिकांचा भर नेमका दुबळ्या पद्धतींवर आहे.

काही पुस्तिका विस्मरणाचा आलेख छापतात आणि 'माणूस एका दिवसात दोनतृतीयांश विसरतो' असे ठासून सांगतात. हा आलेख हरमान एबिंगहाऊस यांच्या १८८५ सालच्या ग्रंथातील मापनांवरून आला आहे. त्यांनी प्रयोग केले ते एकट्या स्वतःवर, तेही निरर्थक अक्षरसमूह पाठ करून. ते पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्यांनी मोजले. एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के श्रम वाचले, तर एका महिन्यानंतर २१ टक्के. विस्मरण आधी झपाट्याने आणि मग संथपणे होते, हा निष्कर्ष टिकला आहे. पण अर्थ कळलेला धडा आणि निरर्थक अक्षरे यांना एकच आकडा लावणे हे विज्ञान नव्हे.

आता वेळापत्रक. ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पुरा होईल असे विचारले होते. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, लागले ५५. सारेच बिघडले तर किती लागतील, या प्रश्नालाही उत्तर आले होते सुमारे ४९ दिवस! योजना करताना आपण अडचणी गृहीतच धरत नाही. तेव्हा भिंतीवरचे वेळापत्रक दुसऱ्याच आठवड्यात कोलमडले, तर तो मुलाच्या चारित्र्याचा दोष नसतो. उपदेशक मात्र तो तसा मानतात, आणि मूलही तसेच मानू लागते. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे.

अक्कलकोटकडे पाहा. येथून सोलापूर सुमारे ४० किलोमीटर. तिकडे एसटीने शिकायला जाणाऱ्या मुलाचा वेळ गाडीच्या वेळेला बांधलेला असतो. रात्री उशिरा जेवून चारला उठायचे म्हणजे झोप तोडायची, आणि शिकलेले पक्के होण्यास तर झोपच लागते. स्वामी समर्थांच्या या गावात गुरुवारी व पौर्णिमेला यात्रेकरूंची गर्दी असते. ज्या घरचे पोट त्या गर्दीवर चालते, तेथील मुलाचा गुरुवार त्याचा स्वतःचा नसतो. शिवाय हा सीमेवरचा तालुका. मराठी, कन्नड वा उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीतले विज्ञान वाचतो, तेव्हा एका पानाला त्याला अधिक वेळ लागणारच. पुस्तिकेतले 'रोज इतकी पाने' हे प्रमाण त्याच्यासाठी बांधलेलेच नाही.

हाच आक्षेप संशोधनावरही घेतला पाहिजे. वर सांगितलेला उताऱ्यांचा प्रयोग अमेरिकन विद्यापीठातील मुलांवर, छोट्या इंग्रजी उताऱ्यांवर झाला. ज्याला उतारा कळलेलाच नाही, त्याने तो आठवून काय लिहावे? म्हणून आधी अर्थ, तोही मुलाच्या भाषेत, आणि मग चाचणी, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो.

येथे शिक्षकांचे काम सुरू होते. तासाची पहिली पाच मिनिटे मागच्या आठवड्याच्या धड्यावरील तीन प्रश्नांना द्यावीत. वही मिटलेली असावी, गुण नसावेत, उत्तर कोणत्याही भाषेत चालावे; उत्तरे लगेच फळ्यावर यावीत. दर महिन्याला एखादा जुना प्रश्न परत यावा. मुलांनी एसटीत बसल्या बसल्या सकाळचा तास मनाशी आठवून पाहावा. त्याला टेबल लागत नाही, दिवाही लागत नाही. वेळ कोठून आणायचा हा प्रश्न बऱ्याच मुलांच्या हातात नाही. पण वर्गातला तास आपल्या हातात आहे, आणि अभ्यासाचे अंतर राखण्याचे काम त्या तासातच होऊ शकते. व्याख्यान ठेवण्याआधी एवढे एक सत्र करून पाहावे, अशी आमची सूचना आहे.