तुलनेच्या चौकटी : दूरचित्रवाणी पुरस्कारांतील वर्गवारीचा प्रश्न

पुरस्कारांची वर्गवारी ही आयोजकांची सोय मानली जाते. परंतु कोणती कलाकृती कोणत्या कलाकृतीशेजारी ठेवून पाहायची हे वर्गवारीच ठरवत असल्यामुळे, परीक्षकांनी मत देण्यापूर्वीच समीक्षेतील एक महत्त्वाचा निर्णय होऊन गेलेला असतो. हा निर्णय कोणी आणि कशाच्या आधारे घ्यावा, याविषयीची अनिश्चितता अमेरिकेतील एमी पुरस्कारांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. जानेवारी १९४९ मध्ये हे पुरस्कार प्रथम दिले गेले, तेव्हा ते लॉस एंजेलिस परिसरातील कार्यक्रमांपुरतेच होते आणि शर्ली डिन्सडेल या शब्दभ्रमकार तरुणीला सर्वोत्कृष्ट व्यक्तिमत्त्वाचा मान मिळाला होता. पुढे माध्यम विस्तारत गेले, तसतसे विभागही वाढत गेले.

त्यांतील एक ठळक वाद विनोदी मालिका आणि नाट्यमालिका, म्हणजे गंभीर कथानकाची मालिका, यांच्या सीमारेषेचा आहे. २०१५ मध्ये एमी पुरस्कार देणाऱ्या टेलिव्हिजन अकादमीने अर्ध्या तासापर्यंतचे भाग असलेली मालिका विनोदी आणि त्याहून मोठ्या भागांची मालिका नाट्यमय, असा नियम केला आणि अपवादासाठी अर्जाची सोय ठेवली. ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ या तुरुंगातील स्त्रियांवरील मालिकेचा अर्ज नामंजूर झाल्याने ती नाट्यमालिकांत गेली. परिणामी उझो अडुबा या अभिनेत्रीला एकाच भूमिकेसाठी २०१४ मध्ये विनोदी आणि २०१५ मध्ये नाट्य विभागात पुरस्कार मिळाला. घड्याळावरून रस ठरवणारा हा नियम कलादृष्ट्या समर्थनीय नव्हता, पण मंजूर झालेले अपवाद सोडता तो सर्वांना सारखा लागू होता. डिसेंबर २०२१ मध्ये तो रद्द झाला आणि विभाग निवडण्याचा अधिकार मुख्यतः निर्मात्यांकडे आला, तेव्हा एक वाईट निकष गेला खरा, परंतु त्याच्या जागी दुसरा निकष आला नाही. ‘द बेअर’ या मालिकेतील ‘फिशेस’ हा तासाभराहून मोठा भाग नाताळच्या जेवणावेळी एक कुटुंब कसे उद्ध्वस्त होत जाते ते दाखवतो. २०२४ मध्ये त्यासाठी दिग्दर्शनाचा आणि पाहुण्या अभिनेत्रीचा असे दोन्ही पुरस्कार विनोदी विभागात मिळाले. या भागाची गुणवत्ता वादातीत आहे. अन्याय होतो तो प्रेक्षकाला हसवण्याचे अवघड काम ज्यांनी पत्करले आहे, त्या मालिकांवर.

याउलट मर्यादित मालिका, म्हणजे एकाच पर्वात कथा पूर्ण करणारी मालिका, हा विभाग रचनेवर आधारलेला असल्यामुळे अधिक टिकाऊ ठरायला हवा होता. शेवट हाती असलेल्या कलाकृतीचा तोल तपासता येतो, तर चालू असलेल्या मालिकेच्या बाबतीत केवळ तिची दिशा पाहता येते. मात्र येथेही बाजाराने रेषा पुसली. २०२२ मध्ये मर्यादित मालिका म्हणून गौरवलेली ‘द व्हाइट लोटस’ पुढच्या पर्वात नाट्यमालिका झाली आणि जेनिफर कूलिज यांना त्याच भूमिकेसाठी दोन्ही विभागांत पुरस्कार मिळाले. मूळ योजनेनुसार मर्यादित असलेली ‘शोगुन’ पुढील पर्वांची तयारी सुरू होताच नाट्यमालिकांत आली आणि २०२४ मध्ये तिने अठरा एमी मिळवले. अजून लिहिल्या न गेलेल्या पर्वांच्या शक्यतेवर पूर्ण झालेल्या पर्वाचा वर्ग बदलावा, हे समीक्षेला मान्य होण्यासारखे नाही.

भारतात अडचण उलट आहे. गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२३ पासून वेब मालिकेसाठी पुरस्कार दिला जातो, परंतु सर्व भाषांसाठी आणि सर्व प्रकारांसाठी तो एकच आहे. प्रकाश नारायण संतांच्या कथांवर आधारित, निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘लंपन’ला २०२४ मध्ये तो मिळाला, ही मराठीसाठी आनंदाची घटना होती, तथापि बालमनाचा हळुवार वेध घेणारी ही मालिका आणि अंदमानातील साथीची थरारकथा सांगणारी ‘काला पानी’ एकाच यादीत होत्या, आणि त्यांना तोलणारे समान माप कोणते, याचे उत्तर त्या चौकटीत नव्हते.

मराठी वाहिन्या स्वतःच्याच मालिकांना जे वार्षिक पुरस्कार देतात, त्यांत सर्वोत्कृष्ट आई, सासू, सून, जोडी, कुटुंब असे नात्यांवर बेतलेले विभाग ठळकपणे दिसतात. शेकडो भाग चालणारी दैनंदिन मालिका नात्यांच्या ताणांवरच उभी असते आणि प्रेक्षक पात्राला त्याच्या नात्यानेच ओळखतो, त्यामुळे ही विभागणी त्या प्रकाराच्या स्वभावाशी सुसंगत आहे, हे मान्य करावे लागेल. पण तिच्यात गौरव होतो तो पात्राच्या स्थानाचा, आणि अभिनयाचे मूल्यमापन त्याआड राहते. सोशिक आई रंगवणे सोपे होते की कठीण, हा प्रश्न विचारलाच जात नाही. अमेरिकेत १९७४ पासून स्वतंत्र सोहळा असलेल्या डेटाइम एमी पुरस्कारांत दैनंदिन मालिकांच्या लेखनासाठी संपूर्ण लेखकचमूला गौरवणारा विभाग आहे. मराठी दैनंदिन मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांसाठी अनेकदा वेगवेगळी नावे असतात आणि पुढच्या आठवड्याचे भाग चित्रीकरणाच्या गतीने लिहावे लागतात. अशा सामूहिक, अखंड लेखनाला जोखणारा विभाग मराठी वाहिन्यांच्या सोहळ्यांत सासू-सुनांच्या विभागांइतकाच ठळक असणे आवश्यक आहे.