'सोनार केल्ला' : एका मताची दुरुस्ती

सात-आठ वर्षांपूर्वीं एका वाङ्मयमंडळापुढें बोलतांना सत्यजित राय यांच्या 'सोनार केल्ला' या कृतीविषयीं आम्हीं एक मत दिलें होतें. तें असें कीं, कथेचा आरंभ जितका मोहक तितकाच तिचा शेवट पांगळा आहे. ज्या घरासाठीं एवढा आटापिटा झाला तें घर दिसतांच तें मूल पाठ फिरवितें आणि कलकत्त्यास जाण्याचा हट्ट धरतें, ही कथानक गुंडाळण्यासाठीं काढलेली पळवाट होय. तें मत पुढें छापूनही आलें, आणि आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं परीक्षेंत तें आम्हांलाच उत्तरादाखल परत केलें. आज तें मागें घेण्याचा प्रसंग आला आहे. एखादा नवा ग्रंथ किंवा नवें प्रमाण हातीं लागलें असें नाहीं. गेल्या माघांत एका जुन्या मित्राबरोबर शनिवार-रविवार गांठून आम्ही जेसलमेरास जाऊन आलों, एवढेंच.

हे आमचे स्नेही व्यवसायानें डॉक्टर. अकरावी-बारावीचीं दोन वर्षें आम्हीं पुण्यास वसतिगृहाच्या एका खोलींत काढलीं. पुढें त्यांनीं माणसें चिरण्याचा मार्ग पत्करला व आम्हीं कविता चिरण्याचा. त्यांचें बालपण मात्र कलकत्त्याचें. वडील तेथें नोकरीस, घर भवानीपुरांत भाड्याचें. 'सोनार केल्ला' हा चित्रपट १९७४ च्या डिसेंबरांत निघाला तेव्हां डॉक्टर सहा वर्षांचे, म्हणजे जवळजवळ कथेंतल्या मुकुलएवढेच होते, आणि आईच्या मांडीवर बसून त्यांनीं तो पाहिला. ती आई गेल्या पावसाळ्यांत वारली. साताऱ्याकडील वडिलोपार्जित घराच्या विक्रीचे कागद कित्येक महिने सहीवांचून त्यांच्या टेबलावर पडून आहेत, हें आम्हांला ठाऊक होतें. त्यांनीं तो विषय काढला नाहीं व आम्हींही नाहीं. एके रात्रीं त्यांचा फोन आला. "अरे, तो किल्ला एकदां पाहून येऊं. तूंही चल. तुझ्या त्या पोथ्याही आहेतच तेथें."

ज्या वाचकांना कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं ती थोडक्यांत सांगितली पाहिजे. मूळ कादंबरी १९७१ ची. कलकत्त्यांतला मुकुल नांवाचा मुलगा रात्रीं उठून चित्रें काढतो : सोनेरी किल्ला, उंट, मोर. पूर्वजन्मीं आपलें घर त्या किल्ल्यांत होतें व घरांत रत्नें होतीं, असें तो सांगतो. ही बातमी वर्तमानपत्रांत येते आणि दोन भामटे 'रत्नें' एवढाच शब्द उचलतात. मानसशास्त्राचे अभ्यासक डॉ. हाजरा मुलाला घेऊन राजस्थानांत जातात. भामटे त्यांना कड्यावरून ढकलून देतात, आणि त्यांतला एक हाजरा बनून मुलाचा हात धरतो. मागोमाग फेलूदा हा गुप्तहेर, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि वाटेंत भेटलेले रहस्यकथालेखक जटायू.

कादंबरींत हाजरा खरा कीं खोटा हें बहुतेक अखेरपर्यंत झांकून ठेवलेलें आहे. चित्रपटांत रायांनीं तें गुपित आरंभींच फोडून टाकलें. स्वतःच लिहिलेली कादंबरी पडद्यावर आणतांना तिच्यांतली मुख्य गांठ स्वतःच सोडून देण्यास धैर्य लागतें. आणि या बदलानें झालेला लाभ मोठा आहे. त्या मुलाचा हात कोणाच्या हातांत आहे हें आपण जाणतों, तें मूल जाणत नाहीं. तें शांतपणें चालत राहतें, विचारलें तर उत्तर देतें, न विचारलें तर गप्प बसतें. पडद्यावर धांवपळ फारशी नसतांना आपला जीव वर-खालीं होतो तो त्या मुलाच्या विश्वासामुळें. जटायूच्या भूमिकेंतले संतोष दत्त यांच्याविषयीं नवें काय सांगावें! पुढील कथांच्या चित्रांत रायांनीं जटायूला दत्तांचाच चेहरा दिला, यांत सर्व आलें. ज्यांना बंगाली येत नाहीं त्यांची सोय अशोक जैन यांनीं फेलूदाच्या कथा मराठींत आणून केली आहे. घरांतल्या मुलांच्या हातीं त्या अवश्य द्याव्या.

जोधपुराहून रात्रीची गाडी धरली. पहांटे केव्हां तरी डॉक्टरांनीं आम्हांला गदगदां हलवून उठविलें. "ऊठ, रामदेवरा आलें." चित्रपटांत मोटारीचीं चाकें निकामी झाल्यावर फेलूदा, तोपशे व जटायू उंटांवर बसून धांवती आगगाडी थांबविण्याचा खटाटोप करतात, तो फसतो, आणि थंडींत कुडकुडत रात्रीच्या गाडीची वाट पाहतात तें हें स्टेशन. बाहेर चहावाल्याच्या शेगडीपलीकडे कांहींच दिसत नव्हतें. डॉक्टर मात्र कांचेला नाक लावून बसले होते. पुढचें स्टेशन पोखरण. चित्रपट निघाला त्याच वर्षीं, मे महिन्याच्या १८ तारखेस, या बाजूच्या वाळूखालीं देशाचा पहिला अणुस्फोट झाला, हें आम्हीं सांगूं लागलों. तें ऐकण्याच्या मनःस्थितींत ते नव्हते.

जेसलमेरचा किल्ला रावळ जैसलानें ११५६ मध्यें वसविला. त्रिकूट नांवाच्या टेकडीवर तो उभा असून त्याचे बुरूज ९९. 'सोनेरी' या शब्दाविषयीं मात्र वाचकांनीं फसूं नये. भर दुपारीं हा किल्ला खपली गव्हाच्या रंगाचा, किंबहुना थोडा धुळकट दिसतो. सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या सुमाराची थोडकी वेळ तेवढी त्याचें सोनें होतें. कथेंतला एक मार्मिक धागा याच रंगाशीं निगडित आहे. बंगालींत अशक्य वस्तूला 'सोनार पाथरबाटी', म्हणजे सोन्याची दगडी वाटी, असें म्हणतात. आपण सशाचें शिंग म्हणतों तसें. जेसलमेरच्या पिवळ्या दगडाची वाटी पाहून फेलूदाला उमगतें कीं, मुलाचा सोन्याचा किल्लाही असाच दगडाचा असला पाहिजे. भाषेंत जें अशक्य तें भूगोलांत शक्य निघालें. शब्दावरून वस्तूकडे जाणारी ही युक्ति रायांच्या सर्व हेरकथांत आम्हांला अधिक आवडते.

येथवर स्तुति झाली. आमचा एक आक्षेप जुना आहे आणि तो या प्रवासानें अधिकच पक्का झाला. हा किल्ला ओसाड नाहीं. आजही हजारों माणसें तटाच्या आंत राहतात. गल्लींतून शाळेचीं मुलें धांवतात, ओट्यावर म्हाताऱ्या डाळ निवडतात, मधूनच गाय रस्ता अडविते. चित्रपटाला मात्र भग्न घरांचाच कोपरा हवा होता आणि त्यानें तो निवडला. याआधीं 'गुपी गाइन बाघा बाइन' या १९६९ च्या चित्रपटांतही रायांनीं हाच किल्ला हल्ला राज्याचा म्हणून वापरला होता. दोन्ही वेळां किल्ला परीकथेचा, रहिवासी गैरहजर. याचा परिणाम असा कीं, बंगाल्यांतून येणारा प्रवासी आपल्या बालपणाचा किल्ला शोधीत येतो, आणि येथल्या माणसाच्या घराकडे त्याची दृष्टि सहसा वळत नाहीं. प्रवाशांच्या सोयीसाठीं आंत उपाहारगृहें व विश्रामगृहें झालीं. ज्या गांवांत वर्षाकांठीं जेमतेम वीसेक सेंटिमीटर पाऊस पडतो, तेथल्या टेकडीच्या पोटांत सांडपाणी मुरूं लागलें. खालचा थर मऊ. १९९० नंतरच्या दशकांत कांहीं बुरूज ढांसळले. २०१३ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत नांव आल्यानें किल्ल्याचा मान वाढला, परंतु पाणी कांहीं मान पाहून मुरत नाहीं. याचें सारें पाप एका चित्रपटाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. तरीही कलावंतानें एखादें गांव सुंदर करून दाखविलें कीं त्या गांवाला त्याची किंमत मोजावी लागते, हें खरें.

शनिवारची दुपार आमच्या वांट्याची होती. संभवनाथाच्या मंदिराखालीं जिनभद्रसूरींचा ज्ञानभांडार आहे. १८७४ च्या आरंभीं ब्यूलर हे पंडित येथें आले. बरोबर पंचविशीही न गांठलेला हर्मान याकोबी. ब्यूलर हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत प्राध्यापक होऊन गेलेले, म्हणून आम्हां मास्तरांना त्यांच्याविषयीं थोडी जवळीक वाटते. येथल्या ताडपत्रांत त्यांना बिल्हणाचें 'विक्रमांकदेवचरित' सांपडलें. दोघांनीं बसून तें उतरून घेतलें, व पुढच्याच वर्षीं तें मुंबईच्या संस्कृतमालेंत छापून निघालें. काश्मीरांत जन्मलेला कवि, कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याचें त्यानें लिहिलेलें चरित्र, आणि तें जपलें कोणी, तर मरुभूमींतल्या जैनांनीं! दक्षिणेच्या इतिहासाचा एक मोठा दुवा या तळघरांत निजून होता. आम्ही डॉक्टरांना हें रंगून सांगत होतों. ते म्हणाले, "म्हणजे तुझाही सोनार केल्लाच कीं." आम्हांला तेव्हां थोडा राग आला होता.

आतां मूळ मुद्याकडे वळूं. रविवारीं सकाळीं एका वाटाड्यानें आम्हांला किल्ल्यांतल्या एका पडक्या घरापाशीं नेऊन "हें मुकुलचें घर" म्हणून दाखविलें. कथेंतल्या काल्पनिक मुलाच्या काल्पनिक पूर्वजन्मींचें घर खऱ्या पैशांवर दाखविलें जातें, याचें हंसूं येऊन आम्ही कांहीं बोलणार होतों. पण डॉक्टरांकडे पाहिलें आणि गप्प राहिलों. छप्पर नसलेल्या चार भिंती, कोपऱ्यांत दगडांचा ढीग, वर एक कबूतर. डॉक्टर उंबरठ्याशीं उभे राहिले, आंत गेले नाहींत. गेल्या वर्षीं ते भवानीपुरास गेले असतां जुन्या घराच्या जागीं सातमजली इमारत पाहून परतले होते, हें त्यांनीं तेथें प्रथम सांगितलें. मग म्हणाले, "आईला हा शेवट फार आवडायचा. मला कधींच कळला नाहीं. मी रडायचों, घर सांपडलें तरी हा परत कां जातो म्हणून." थोड्या वेळानें, "चल, चहा घेऊं. आणि संध्याकाळपर्यंत थांबायलाच पाहिजे का? दुपारची कांहीं सोय होते का पाहा." सूर्यास्ताचें सोनें पाहण्यासाठीं एवढ्या लांब आलेला हा गृहस्थ सूर्यास्ताआधींच घरीं निघाला होता.

आम्हीं ज्याला पळवाट म्हटलें होतें ती ही. चित्रपटाच्या शेवटीं मुकुल आपल्या घरापाशीं पोंचतो, घर मोडलेलें असतें, तो रडतो. भामटा खणूं लागतो, मोरावर गोळी झाडतो. आणि मग त्या मुलाला कलकत्त्याचें घर हवें असतें. पूर्वीं आम्हीं विचारलें होतें कीं, जन्मांतरींची ओढ एका क्षणांत कशी विरते? या प्रश्नांतच आमची चूक होती. ओढ त्या घराची होती कीं तें घर कोठें आहे हें न कळण्याची होती, हें आम्हीं तपासलेंच नाहीं. न पाहिलेल्या घराला आठवण छप्पर घालून ठेवते. प्रत्यक्ष पाहिल्यावर तें काम तिला उरत नाहीं. मुकुल रडतो तो यासाठीं, आणि रडून झाल्यावर त्याला भूक, आई, अंथरूण हीं सुचतात तीं मुलाच्या स्वभावाला धरूनच. सहा वर्षांच्या मुलाला जें एका क्षणांत साधतें त्याला प्रौढास पन्नास वर्षें लागतात, एवढाच भेद. रायांनीं यावर एकही भाष्य पात्राच्या तोंडीं घातलेलें नाहीं. त्यामुळें आम्हांसारखा वाचक फसला. पण भाष्य घातलें असतें तर डॉक्टरांच्या आईला तो शेवट आवडला नसता.

खणणाऱ्या भामट्याकडेही आतां आम्ही निराळ्या नजरेनें पाहतों. दुसऱ्याच्या आठवणींत त्याला फक्त रत्नें दिसतात. खरे हाजरा तिच्यांत प्रमाण शोधतात, तें काम अधिक सभ्य असलें तरी आठवण त्यांनाही कोणत्या तरी उपयोगासाठींच हवी आहे. आम्ही त्या दुपारीं तळघरांत काय करीत होतों हें वाचकांनींच ठरवावें.

मधला पाठलागाचा भाग थोडा लांबला आहे, हें आमचें मत कायम आहे. मंदार बोस या खलपुरुषाला हास्याची जोड इतकी दिली आहे कीं, त्याचें भय अखेरीस टिकत नाहीं, हेंही. निर्जन दाखविलेल्या किल्ल्याविषयींचा आक्षेप वर आलाच आहे. शेवटाविषयींचें मत मात्र आम्ही येथें मागें घेतों, आणि ज्या विद्यार्थ्यांनीं आमच्या भरंवशावर तें लिहून गुण मिळविले त्यांची क्षमा मागतों.

परततांना डॉक्टरांनीं स्टेशनाबाहेर पिवळ्या दगडाची एक वाटी घेतली. गाडींत ती रुमालांत गुंडाळून उशाशीं ठेवली. रामदेवरा आलें तेव्हां दिवस होता, फलाट स्पष्ट दिसत होता. ते गाढ झोंपले होते, आणि आम्हीं त्यांना उठविलें नाहीं. साताऱ्याच्या कागदांचें पुढें काय झालें तें आम्हीं अजून विचारलेलें नाहीं.