तंबोरा लागला, पण बुवा कुठे?

दौंड शाखेत बदली झाल्यापासून अस्मादिक आठवडाभर खोलीवर एकटे आणि सौ. शिरूरला. हे एकटेपण कमी पडतं असं वाटून की काय, भाच्याने मोबाइलमध्ये एक अल्बम भरून दिला. लस्टमॉर्ड नावाच्या वेल्श गृहस्थांचा २०१६ सालचा ‘डार्क मॅटर’. “मामा, दिवा मालवून ऐका. अथांग अंतराळातलं एकाकीपण आहे!”

दिवा मालवला. घूंऽऽऽ सुरू झालं. पाच मिनिटं मी पंखाच समजत होतो. पंखा बंद केला, तरी घूं चालूच. दहाव्या मिनिटाला वाटलं, तंबोरा लागलाय, आता बुवा षड्ज लावतील. तीन तुकडे झाले, तास उलटून गेला, बुवा काही आले नाहीत. मध्येच जंक्शनवरून एक मालगाडी धडधडत गेली, तीही मी अल्बममध्येच धरली. आणि खरं सांगतो, सबंध मैफलीत तेवढीच जागा रंगली.

पण अन्याय नको. नासा आणि रेडिओ दुर्बिणींच्या वेधशाळांकडली ध्वनिमुद्रणं १९९३ ते २००३ अशी दहा वर्षं जमवून गृहस्थांनी हे रचलंय. पोकळीत आवाज नसतो, तेव्हा तिथल्या लहरी आवाजाच्या खात्यात वर्ग कराव्या लागतात. हिशेब चोख आहे. भीतीही वाटते, तिसऱ्या तुकड्याला मी उठून दाराची कडी पाहून आलो. पण त्या एवढ्या अंधारात माणूसच नाही. अहो, एकटं असायलासुद्धा कुणीतरी असावं लागतं!

ते कुणीतरी खरोखरच वर आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तीत त्यांची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे. जेमतेम साडेतीन मिनिटं. दुसरं यान सुटलं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. मागे धरलेला सूर इथेही आहे, पण त्यावर बाईंचा आवाज चढतो आणि अंगावर काटा येतो. आमच्याकडे भैरवी सुरू झाली की श्रोते चपला शोधू लागतात. इथे भैरवी घेऊनच प्रस्थान! त्यात निघालेल्याला ‘कुठे’ विचारू नये, हा साधा संकेतही नासाला ठाऊक नाही. यानं परतायची नाहीत यात नवल ते काय?

भैरवी संपल्यावर सौ.ला फोन लावला.

“एवढ्या रात्री? काय झालं?”

“काही नाही.”

मग दोघंही गप्प. फोनमधून शिरूरच्या पंख्याचं घूं ऐकू येत होतं. ते मात्र मी पुष्कळ वेळ ऐकलं.