प्रार्थनेला उभे राहताना

सरकारी समारंभात प्रार्थना असावी का, हा वाद आपल्याकडे राज्यघटनेइतकाच जुना आहे. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी घटना समितीत दुरुस्ती मांडली, की उद्देशिका ईश्वराच्या नावाने सुरू व्हावी. देवाचा प्रश्न मताला टाकू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जींनी केली. कामत काही हटले नाहीत. बाजूने ४१, विरुद्ध ६८. आता यात आम्हांला मोलाचे वाटते ते पट्टम थाणू पिळ्ळै यांचे म्हणणे. गृहस्थ आस्तिक, तरी म्हणाले, ही दुरुस्ती स्वीकारली तर श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होईल. नास्तिक असे बोलला असता तर नवल ते काय!

मग शपथेत ईश्वर कसा चालतो, असे कुणी विचारील. चालतो, कारण तिथे निवड आहे. तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ आहे आणि तिच्या शेजारीच ईश्वराविना प्रतिज्ञाही आहे. शपथ घेणारा एकटा उभा असतो, स्वतःपुरते बोलतो. समारंभात निवेदक म्हणतो, 'सर्वांनी उभे राहावे.' इथे निवड कोणती?

यावर ठरलेले उत्तर येते : 'अहो, हा धर्म नव्हे, ही आपली संस्कृती.' हा युक्तिवाद आम्हांला लंगडा वाटतो. प्रार्थना म्हणजे नुसता रिवाज असेल, तर ती वगळल्याने कुणाच्या भावना दुखावू नयेत. आणि दुखावत असतील, तर ती रिवाजाहून अधिक काही आहे हे तुम्हीच कबूल केलेत. दोन्हीकडून बोलता येत नाही. (तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही हेच शिकवीत असू, आणि मुले जांभया देत.)

आम्ही नोकरीत असताना अशाच एका कार्यक्रमात एक कनिष्ठ लिपिक बसून राहिला. उद्धटपणा नव्हता त्यात, मान खालीच होती. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून 'काय अडचण आहे तुमची?' एवढेच विचारले. पुढच्या कार्यक्रमाला तो उभा राहिला. आम्ही सगळे पाहत होतो. कुणी बोललो नाही, आम्हीसुद्धा नाही.

मार्च २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडला न्यायालयाच्या इमारतीचे भूमिपूजन झाले. तिथेच न्यायमूर्ती अभय ओक यांनी सुचवले, की न्यायालयांच्या कार्यक्रमांत पूजाअर्चा थांबवावी आणि घटनेपुढे मान लवून आरंभ करावा. सूचना चांगली आहे. पण मान लवण्याची सक्ती तिथेही नको. तो लिपिक तिथेही बसून राहू शकला पाहिजे.